बत्तीस महिन्यांचा साठा

डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला आत सांगितलं, "फार तर दोन महिने."

आण्णांनी विचारलं, "म्हणजे नक्की किती दिवस?"

डॉक्टर गांगरले. हा हिशोब त्यांच्याकडे दिवसांत कुणी मागितला नसावा. "साठ... पासष्ट," ते म्हणाले, भाजीवाल्याने शेवटचा भाव सांगावा तसे.

आण्णांचा इलाज नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं ते कोळशाच्या साठ्यावर होते आणि तिथे सगळं दिवसांत मोजतात. आज साठा किती? अकरा दिवसांचा. सातच्या खाली आला की साहेबांचे चेहरे कोळशाहून काळे. या नोकरीतून आण्णांना पेन्शन, खोकला आणि एक तत्त्वज्ञान मिळालं होतं: साठा असला की वीज बनवणारा संच बंद पडत नाही.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, तेल महागणार. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल आण्णांना करण्यासारखं काहीच नव्हतं. तेलाबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या गर्दीतून वाट काढत ते टेम्पोत बसून आले आणि मागे पंधरा किलोचे आठ डबे होते.

"दुकानातला देवरामशेठ विचारत होता, पोराचं लग्न काढलं का," आण्णा म्हणाले.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, नाही. बायको आहे घरात."

जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांत आठ डबे मावेनात. शेवटी ते आईच्या पलंगाखाली ढकलले. त्या दिवसापासून आई एकशेवीस किलो सोयाबीन तेलावर झोपायला लागली. डॉक्टरांनी तिला तेलकट पूर्ण बंद केलं होतं, पण तेलाच्या वर झोपू नका असं काही लिहून दिलं नव्हतं.

आईने पलंगावरून वाकून डबे मोजले. "अवो, एवढं तळणार कोण?"

"तू," आण्णा म्हणाले.

"एक डबा आपल्याला चार महिने जातो. आठ चोक बत्तीस." आईने बोटांवर महिने पुन्हा मोजले. मग माझ्याकडे वळली. "लय कमी दिवस सांगितलेत वाटतं रे डॉक्टरने."

आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं यावर मी अंबडच्या कंपनीत मशीनसमोर उभा राहून चार दिवस विचार करणार होतो. ते काम तेलाने एका दिवसात उरकलं.

यानंतर जे झालं ते फक्त कोळशावरचा माणूसच करू शकतो. आण्णांनी तेल वापरणंच बंद केलं. वापरलं की साठा उतरतो. साठा उतरला की... पुढचं ते बोलायचे नाहीत. जुना अर्धा डबा संपला तेव्हा नवा फोडायला त्यांनी साफ नकार दिला. आम्ही तिघं उकडलेली भाजी, बिनफोडणीचं वरण खायला लागलो. दिवाळीत फराळ झाला नाही. पणत्याही लागल्या नाहीत. आण्णांनी विजेची माळ लावली. विजेवर त्यांचा विश्वास होता.

"सबंध दिवाळी उकडून काढली तुम्ही," आई म्हणाली. "अवो, बुडाखाली तेलाची विहीर हाय आणि नाकाला फोडणीचा वास नाय. मला खायचं नाय, नुसता वास घेऊ द्या."

"तुला सोसत नाही."

"वास कुठं पोटात जातो?"

आण्णा उठून गॅलरीत गेले.

नोव्हेंबरात आण्णांना हयातीचा दाखला द्यायचा होता. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी पटवावं लागतं. ते अंगठा द्यायला गेले आणि आई म्हणाली, "रोहित, फोड एक."

मी डबा ओढून काढला, पाना-पक्कड घेऊन बसलो. आईला उशांना टेकवून स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीत बसवलं. मोहरी टाकली, जिरं, हिंग, कढीपत्ता. ठसका लागला. आईने डोळे मिटून तो वास असा ओढला की मला वाटलं आता कढईत काही उरणारच नाही. "मोहरी जाळलीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "भजी कर दोन."

तिकडे आण्णांच्या बोटांच्या रेषा कोळशाने पुसलेल्या, यंत्र अंगठा घेईना. तिसऱ्या खेपेला ते जिवंत ठरले, तरी आमच्या अंदाजाआधी घरी आले. त्यांना आधी वास आला, मग उघडा डबा दिसला.

"किती गेलं?"

"पाव किलो असेल," मी म्हणालो.

आण्णा खाली बसले. डब्यात डोकावले, जणू त्यात कुणी पडलंय. आईने अर्धं भजं खाऊन उरलेलं त्यांच्यासमोर धरलं. "घ्या. साठ्यातलंच हाय."

त्यांनी ते खाल्लं. बराच वेळ चावत होते. एवढं चावायला भज्यात काही नसतं.

आई एकाहत्तराव्या दिवशी गेली. डॉक्टरांच्या आकड्याहून सहा दिवस वर. आण्णा त्याचं श्रेय कुणाला देतात ते मी विचारलं नाही.

ती गेली त्या जागी दिवा ठेवला, उघड्या डब्यातलं तेल घालून. दहाव्यानंतर तो दिवा उचलतात. शेजारच्या लताबाई उचलायला आल्या, तर आण्णा म्हणाले, "राहू द्या. तेल आहे."

"अहो दादा, असं ठेवत नसतात."

"साठा आहे अजून," आण्णा म्हणाले. लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डब्यांकडे बघितलं.

दिवा अजून आहे. तेल खरंच महागलं. आण्णांचा तेवढाच अंदाज बरोबर ठरला. मी कंपनीतून येताना आठवड्याला तेलाची एक पिशवी घेतो, वाढलेल्या भावाने, आणि आण्णा आंघोळीला गेले की उघड्या डब्यात ओततो.

रविवारी ते डबा दोन्ही हातांनी थोडा उचलून बघतात. "उतरत नाही रे," म्हणतात.

"वापर कमी झालाय ना आण्णा," मी म्हणतो.