पान बाहेर येईपर्यंत

जुना प्रिंटर बोदिलच्या ऑफिसात एका कपाटात कोंडलेला होता, कारण तो सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. रोज पहाटे दूरच्या शहरातलं मोठं मशीन, ज्याला सगळे मेनफ्रेम म्हणत, टेलिफोनच्या भाड्याच्या तारेवरून त्याच्याकडे पानं पाठवी आणि तो ती खडखडत छापी. सकाळी बोदिलच्या हाताखालच्या, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बायका यायच्या, आपापला कागद फाडून घ्यायच्या, शेजारच्या लोखंडी कपाटातून त्या त्या घरांच्या किल्ल्या काढायच्या आणि सायकलींवरून निघून जायच्या. कोणाकडे जायचं आणि तिथे काय करायचं, सगळं त्या कागदावर असे.

त्या प्रिंटरची एक खोड होती. कागद संपला, फाटला, नाहीतर वाकडा गेला की तो तिथेच थांबे आणि पान झालेलं नाही असं वर कळवी. मग मेनफ्रेमही अडून बसे. ते पान झाल्याशिवाय पुढचं नाही. तारेच्या त्या टोकाला लाल दिवा लागे, तिथला पाळीवरचा माणूस फोन फिरवी, आणि तो फोन वाजे वेर्नरच्या घरी.

नगरपालिकेच्या कॉम्प्युटर विभागात वेर्नर इतकी वर्षं होता की त्याच्या आधी तिथे कोण होतं हे कोणाला सांगता आलं नसतं. पहाटेच्या त्या फोनची सवय त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, इंगरला, जास्त झाली होती. फोन पलंगाच्या तिच्या बाजूला असे. ती उचलून म्हणे, "येतोय तो. पँट शोधतोय," आणि कूस बदलून परत झोपे.

फेब्रुवारीत इंगर गेली. फोन त्याच जागी राहिला. तो वाजला की वेर्नर आधी तिच्या बाजूला तोंड करून ती उचलेल म्हणून थांबे, आणि मग त्याला आठवे. एखाद्या वेळी असं होणं निराळं. पण दर वेळी तसंच व्हायला लागलं, तेव्हा त्यानं त्या फोनची धास्तीच घेतली. संध्याकाळपासूनच त्याला वाटे, आज कागद संपू नये.

वर्ष संपता संपता भाड्याची तार बंद होणार होती. सगळं आता नव्या नेटवर्कवरून जायचं होतं. त्यासाठी सोल्वाय नावाची बाई आर्हूस शहराहून एक पेटी घेऊन आली. पावाएवढी, करड्या रंगाची. पेटीचं काम मध्यस्थाचं. मेनफ्रेमला वाटावं की आपण त्याच जुन्या प्रिंटरशी बोलतो आहोत, आणि इकडे पेटीनं ती पानं नव्या लेझर प्रिंटरकडे सोडावीत. सोल्वायनं अर्ध्या दिवसात जोडणी केली. निघताना तिनं कोट अंगात घालता घालता सांगितलं की एक गोष्ट त्यानं ठरवायची आहे. पान झालं असं पेटीनं वर कधी कळवायचं? पान पेटीच्या हातात आलं की लगेच, की प्रिंटरनं ते खरंच बाहेर टाकलं की?

"लगेच म्हटलं तर?" वेर्नरनं विचारलं.

"तर वरचं मशीन कधी अडणार नाही. तुला फोन येणार नाहीत."

"आणि पान प्रिंटरमध्येच अडकलं तर?"

"ते इथल्या लोकांनी बघायचं. बहुतेक ठिकाणी लगेचच ठेवतात."

वेर्नरला फरक कळला नाही असं नाही. कळला म्हणूनच त्यानं विचारलं होतं. पण तो फार थकला होता. "लगेच ठेव," तो म्हणाला.

शुक्रवारी त्यानं बेकरीतून ताजे गोल पाव आणि लोणी नेलं, कारण ऑफिसात नवं काही आणणाऱ्यानं बाकीच्यांना खायला घालायचं असतं. आधीच्या वेळी इंगर घरीच भाजून द्यायची. ते सगळ्यांना आठवत होतं, पण कोणी काढलं नाही. सगळे प्रिंटरच्या आवाजाबद्दल बोलले, म्हणजे तो कसा येतच नाही याबद्दल. वेर्नरचा साहेब फ्लेमिंग तर खूश होता. त्याच्याकडे वरून एकही तक्रार आली नव्हती. गावातली बाकीची तीन ऑफिसंही नाताळच्या आत अशीच करून टाकू, असं तो पावाचा तुकडा हातात धरून म्हणाला. वेर्नर मान हलवत राहिला. आठवडाभर त्याला फोन आला नव्हता. झोप लागत नव्हती ती नव्हतीच, पण निदान कोणी उठवत नव्हतं.

इंगरची आई गुद्रुन जुन्या डेअरीमागच्या पिवळ्या घरात एकटी राहत असे. तिच्याकडेही बोदिलच्या बायका रोज सकाळी जात. इंगर असताना ती दोघं दर रविवारी तिथे कॉफीला जायची. दफन झाल्यापासून वेर्नर एकदाही गेला नव्हता. गुद्रुनचा काही दोष नव्हता. पण हनुवटी तीच, हात तेच, कप धरताना करंगळी बाहेर काढायची सवयही तीच, आणि ते समोर बसून बघणं त्याच्या जिवावर येई. आता रविवारी गुद्रुनच फोन करी. कसा आहेस, म्हणून विचारी. तो म्हणे, बरा आहे. मग ती म्हणे, बरं. एवढ्यात आटपे.

पुढच्या बुधवारी दुपारी वेर्नर कपाटातला जुना प्रिंटर उचलून न्यायला बोदिलकडे गेला. बोदिल कॉफी ओतत होती. चांगला दिवस गेला म्हणाली. तिची नेहमीची एक बाई आजारी होती, बदलीवर एक नवी पोरगी आली होती, आणि ती पोरगी सगळ्यांच्या आधी काम संपवून हजर.

"मी विचारलं तिला, तुझी सायकल आहे की मोटारसायकल? अजून माझी पहिली कॉफी गार व्हायची होती."

वेर्नर हसला. कपाटाचं दार उघडायला तो वळला आणि त्याची नजर शेजारच्या किल्ल्यांच्या कपाटावर गेली. ते उघडंच होतं. दिवसा त्यातल्या खुंट्या रिकाम्या असतात, किल्ल्या बायकांबरोबर गावभर फिरत असतात. पण मधल्या रांगेत पाच किल्ल्या शेजारी शेजारी लटकत होत्या. त्यातल्या एकीला लाल लोकरीचा गोंडा होता. तो इंगरनं बांधलेला. आईची किल्ली कोणाला शोधायला लागू नये म्हणून.

"त्या पोरीनं किल्ल्या परत आणून ठेवल्या का?" त्यानं विचारलं.

"हो, आणल्या ना. त्या वरच्या रांगेतल्या."

"आणि या?"

बोदिलनं कपाटाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. पोरीचा कागद टेबलावर पडलेला होता. एकच पान. जुन्या लांब कागदावर सगळी नावं एकाखाली एक मावत. लेझर प्रिंटरला पान छोटं, म्हणून मोठा फेरा असला की उरलेली नावं दुसऱ्या पानावर जात. नेहमीच्या बाईला ते पान नसलं तरी चाललं असतं, तिला आपली माणसं तोंडपाठ. बदलीच्या पोरीला काय माहीत?

पेटीत पाहायची गरज नव्हती, तरी वेर्नरनं पाहिलं. वर कळवलेलं होतं, सगळी पानं झाली.

"सकाळी कोणी प्रिंटरला हात लावला होता?"

"मीच," बोदिल म्हणाली. "कागद अडकला होता. ओढून काढला, बंद केला, परत चालू केला. सगळ्याला तसंच करतात ना?"

तसंच करतात. बंद केल्याबरोबर प्रिंटरच्या पोटातलं पान गेलं, आणि ते परत माग म्हणून सांगणारं कोणी उरलं नव्हतं. जुन्या प्रिंटरनं मेनफ्रेमला अडवून धरलं असतं. फोन आला असता.

बोदिलनं आजूबाजूच्या तिघींना हाका मारल्या, किल्ल्या वाटल्या. लाल गोंड्याची तिनं त्याच्यासमोर धरली.

"ही तुझ्या घरच्या वाटेवर आहे."

दुसरी कोणी मोकळी असेल तर, असं काहीतरी तो पुटपुटला. बोदिलनं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि स्वतःचा कोट घ्यायला गेली.

गुद्रुन पलंगावर होती. पांघरूण गळ्यापर्यंत, उशाशी रेडिओ चालू, पडदे तसेच. वेर्नर दारात उभा राहिला तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं.

"तू? आता तुला या कामाला लावलं का?"

"गुद्रुन, दुपार झाली. तू उठली का नाहीस?"

"डॉक्टरनं सांगितलंय, मोजे चढवल्याशिवाय पाय खाली टेकवायचे नाहीत. एकदा गेले न्हाणीघरात, टाचांवर. ते धरायचं नाही."

"आणि मदतीला बोलवायचं ते गळ्यातलं बटण?"

"ते पडल्यावर दाबायचं. मी कुठे पडले? मी तर आडवीच होते."

त्यानं तिला पाणी दिलं, पावाला लोणी लावून दिलं. तिनं ते उशीला टेकून सावकाश खाल्लं. सकाळी कोणी आलं नाही तेव्हा उशीर झाला असेल असं वाटलं, ती म्हणाली. मग दुपारी वाटलं, आता येणं बंदच केलं असेल. बातम्यांत काटकसरीचं सांगत होते. ती हे रागानं म्हणाली नाही. पाऊस येईल म्हणावं तशी म्हणाली.

वेर्नर मोजे घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसला. पाय सुजू नयेत म्हणून घालायचे ते घट्ट मोजे, रबरासारखे. त्यानं हे कधी केलेलं नव्हतं. ती सांगत गेली. आधी ती गुळगुळीत पिशवी बोटांवर चढव. आता मोजा. टाच टाचेवर आण. ओढ, मी काचेची नाही. त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं. इंगरचं तसंच होतं. तो थांबला.

"मोजा उलटा आहे का?"

"नाही."

"मग?"

तो परत ओढायला लागला. मोजा घोट्यावर अडकला होता, बोटं दुखायला लागली. आज कोणी का आलं नाही ते त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. पान प्रिंटरमध्ये राहिलं होतं, आणि पेटीनं झालं म्हणून कळवलं होतं.

"तिनं खोटं का सांगितलं?"

"मी सांगितलं होतं तिला. मला पहाटेचे फोन नको होते."

यंत्रांच्या गोष्टींत गुद्रुनला कधीच रस नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कसा आहेस?"

"ब..."

"मोजा अजून अर्धाच चढलाय. तो चढव. दुसरा चढव. मग सांग. मी कुठे जाणार आहे?"

त्यानं तो चढवला. दुसरा चढवायला त्याहून जास्त वेळ लागला. ती छताकडे बघत पडून राहिली, रेडिओवर कोणीतरी मासेमारीच्या हवामानाबद्दल बोलत होतं. दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत आले, सुरकुत्या नीट झाल्या, तरी वेर्नर तिचा पाय मांडीवर धरूनच बसला. मग त्यानं सांगितलं. फोन वाजला की काय होतं ते. जेवतो उभ्यानं, ओट्याशी, कारण टेबलाला दोन खुर्च्या आहेत. इंगरचे कपडे अजून तसेच आहेत आणि कपाटाचं दार लागत नाही म्हणून ते उघडं राहतं. तो थांबत थांबत बोलत होता.

"मलाही उभ्यानंच खावंसं वाटतं," शेवटी गुद्रुन म्हणाली. "पण मला त्याच्याआधी मोजे लागतात." मग तिनं पाय काढून घेतला, जमिनीवर टेकवला आणि उठवायला हात पुढे केला.

बाकीच्या चौघांचं फारसं बिघडलं नव्हतं. एकीला शेजाऱ्यांनी सूप दिलं होतं, एकजण दिवसभर झोपून होता.

दुसऱ्या दिवशी वेर्नर फ्लेमिंगकडे गेला आणि म्हणाला की पेटीची ती सोय बदलायची, आणि बाकीच्या तीन ठिकाणीही बदललेलीच बसवायची. प्रिंटरनं पान बाहेर टाकल्याशिवाय वर झालं म्हणायचं नाही. फ्लेमिंगला ते पटेना. म्हणजे परत मशीन अडणार, परत वरून बोंब, परत पहाटेचा जादा पगार. त्यापेक्षा बोदिलच्या माणसांनी रोज पानं मोजून घ्यावीत.

"वरून सगळं आलं असं कळत असेल, तर ती माणसं कशाला मोजतील? तू मोजली असतीस?"

"पण ही सोय कोणी लावली होती?"

"मी. झोप हवी होती मला."

फ्लेमिंगनं चष्मा काढून पुसला. त्याला इंगर माहीत होती. "फोन तुझ्याकडेच येतील," तो म्हणाला.

"येऊ देत."

सोल्वायनं फोनवरून सांगितलं तसं वेर्नरनं पेटीत बदलून टाकलं. त्या दिवसापासून छपाईला वेळ लागायला लागला. बोदिलच्या बायका सायकलीचे हातमोजे घालून प्रिंटरसमोर उभ्या राहत आणि कुरकुरत. जुना काय वाईट होता, असंही एक म्हणाली.

डिसेंबरात पहिलं दाट धुकं पडलं त्या पहाटे फोन वाजला. वेर्नर इंगरच्या बाजूला वळला आणि थांबला, नेहमीसारखाच. फोन वाजत राहिला. मग तो तिच्या उशीवरून सरकत पलीकडे गेला आणि त्यानं उचलला. तिकडचा माणूस म्हणाला की बोदिलच्या ऑफिसचं चौथं पान झालेलं नाही, सगळं अडून बसलंय.

"येतोय," वेर्नर म्हणाला. "पँट शोधतोय."

ऑफिसात थंडी होती. प्रिंटरमधला कागद संपला होता, बाकी काही नाही. त्यानं नवा गठ्ठा घातला, दिवा हिरवा झाला, आणि थोड्या वेळानं चौथं पान बाहेर आलं, ऊन ऊन. मग पाचवं. त्याचं काम झालं होतं, घरी जाऊन तासभर पडता आलं असतं. तो कोट न काढताच बोदिलच्या खुर्चीत बसला आणि शेवटचं पान येईपर्यंत बसून राहिला. नंतर बायका आल्या, कागद घेतले, किल्ल्या काढल्या. लाल गोंड्याची खुंटी रिकामी झालेली त्यानं पाहिली, आणि मग तो उठला.