चष्मेवाल्याचं घोरणं

आमच्या घरामागच्या गल्लीत खेळांचं एक दुकान आहे. बॅट-बॉलचं नव्हे हं, टेबलावर मांडून खेळायच्या खेळांचं. दुकान इतकं अरुंद की आत दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला रस्त्यावर जाऊन दुसऱ्याला वाट द्यावी लागते. एकदा असाच एकजण बाहेर गेला तो परत यायचं विसरून थेट घरी गेला, आणि जेवताना त्याला आठवलं की बायको दुकानातच राहिलीय. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा. काका म्हणजे दुकानाचे मालक. माझ्या धाकट्या मुलाहून लहान, पण अख्खं गाव त्यांना काका म्हणतं, म्हणून मीही म्हणते. भिंतींना खाली-वर नुसती खेळांची खोकी, आणि मागच्या बाजूला एक लांब टेबल. खोकी विकून दुकान चालतं. टेबलाशी कोणीही बसावं, खेळावं, त्याचं काका काही घेत नाहीत. पाण्याची बाटली तेवढी आपापली आणायची.

मी तिथे जाते ती नातीबरोबर. ती आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि शनिवारी दुपारी त्या टेबलाशी बसून गोष्ट सांगते. खेळच तसा आहे. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. नात म्हणाली, समोर दरी आहे, की कोणीतरी म्हणतं, मी उडी मारतो. मग त्याने फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पलीकडे, लहान पडला तर खाली. गोष्ट सांगायची ही खोड तिने कोणाकडून उचलली, हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू? मी आपली खिडकीशी खुर्चीत बसते, तिथलं ऊन गुडघ्यांना बरं असतं. नात कुठे अडलीच तर तिच्या कानात हळूच एखादा राक्षस सोडते.

प्रत्येकाची एक सोंगटी असते, अंगठ्याएवढी. त्या सगळ्या चष्मेवाल्याने रंगवलेल्या. बाजाराच्या टोकाला त्याचं चष्म्याचं दुकान. एका डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि असं बारीक काम करायचा की काय सांगू. दाताच्या डॉक्टरीणबाई खेळात जादूगारीण होतात, त्यांच्या सोंगटीच्या नखांना नेलपॉलिश आहे. त्यातल्या एका बोटाचं थोडं उडालंय, तेही त्याने दाखवलंय.

या टेबलाची एक रीत आहे. एखाद्या शनिवारी कोणी आलं नाही तर त्याची सोंगटी आडवी करायची. म्हणजे तो झोपलाय. काड्यापेटीची एक गाडी केलीय, तिच्यात त्याला निजवायचं आणि बरोबर न्यायचं. त्याच्या वतीने फासा मात्र टाकायचा नाही. ज्याचा फासा त्यानेच टाकायचा, दुसऱ्याने हातसुद्धा लावायचा नाही. डॉक्टरीणबाई बाळंत झाल्या तेव्हा जादूगारणीने अख्खं वाळवंट झोपेत ओलांडलं. परत आल्या आणि पहिलाच प्रश्न, माझी चप्पल कुठाय.

तर चष्मेवाल्याची बायको गेली, आणि तो यायचा थांबला.

सुरुवातीला कोणी काही म्हणालं नाही, म्हणायचं तरी काय? पुढे त्याने दुकान उघडलं, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायला लागला, पण शनिवारी टेबलाकडे फिरकेना. टेबलावरचा लिफ्टवाला, म्हणजे बिल्डिंगांच्या लिफ्ट दुरुस्त करतो तो, जाऊन भेटून आला. चष्मेवाला त्याला म्हणाला, बघू. त्या ‘बघू’वर चष्मेवाल्याची सोंगटी, त्याचा योद्धा, काड्यापेटीत निजून राहिला. वरून नद्या गेल्या, लढाया गेल्या, एका राजाचं लग्नसुद्धा लागलं. हा आपला झोपलेला.

अशात पोस्टातली एक बाई बदली होऊन आली. इथे तिचं ओळखीचं कोणी नाही. दर शनिवारी हेल्मेट काखेत धरून दाराशी उभी राहायची आणि खेळ बघायची. टेबलाशी खुर्च्या मावतात मोजक्याच, त्यातली एक रिकामी. काकांना ती उभी बघवेना आणि चष्मेवाल्याची खुर्ची हलवायला हात उचलेना. शेवटी ते नातीला म्हणाले, तूच काय ते गोष्टीत कर.

नातीने केलं. सगळ्यांना एका खिंडीपाशी आणून उभं केलं. खिंड अशी चिंचोळी की एका वेळी एकच माणूस जाईल, तोही पोट आत ओढून. गाडी काही जाणार नाही. पुढच्या शनिवारी चष्मेवाला आला तर उत्तम, नाही आला तर त्याला खिंडीच्या अलीकडे ठेवायचं, पुढे जायचं आणि खुर्ची पोस्टातल्या बाईला द्यायची. एवढं बोलून तिने वह्या आवरल्या. लिफ्टवाल्याने त्या काड्यापेटीकडे बघणंच टाळलं.

मग मी काय केलं, माझ्या चष्म्याची काडी वाकवली. सहज वाकत नव्हती, दाराच्या फटीत धरून वाकवली, आणि गेले चष्मेवाल्याकडे.

त्याने चष्मा हातात घेतला, काडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. यावर कोण बसलं, असं विचारलं. हत्ती, मी म्हणाले. मग तो गरम हवेवर काडी सरळ करायला लागला आणि मी त्याला त्याच्या योद्ध्याची खुशाली सांगायला लागले. म्हटलं, तुमच्या दाढीत पक्ष्याने घरटं केलंय, पिल्लं आहेत म्हणून कोणी तुम्हाला हलवत नाही. तुमच्या तलवारीवर डॉक्टरीणबाई ओले मोजे वाळत घालतात. तुमच्या शिरस्त्राणात त्या दिवशी सूप केलं होतं, मीठ कमी होतं. तो मान खाली घालून काम करत होता, पण सुपाला त्याचा हात थांबला. मला चेव आला. म्हटलं, आणि घोरता तर असे की अस्वलं जंगल सोडून गेली.

त्याने काडी खाली ठेवली.

“मी घोरतो असं कोण म्हणालं?”

कोणीच म्हणालं नव्हतं. माझ्या डोक्यात आलं, मी बोलले. तर तो सांगायला लागला. त्याची बायको रोज सकाळी म्हणायची, तुम्ही काल घोरलात. हा म्हणायचा, छे, मी नाही घोरत. लग्न झाल्यापासून रोजचं भांडण. चहा होईपर्यंत चालायचं.

“आता घोरत असलो तरी सांगणार कोण, आजी?”

मला कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी पडले. काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत बसले नुसती. मग वाटलं, हे काही खरं नाही, आता सरळच बोलावं. सांगितलं त्याला खिंडीचं, गाडी जाणार नाही त्याचं, शनिवारचं, खुर्चीचं. काही वाढवलं नाही, काही चढवलं नाही.

आणि तो हसला. चांगला दात दिसतील असा.

“पिल्लांपर्यंत ठीक होतं. हे मात्र तुम्ही रचलंत. ते लोक मला टाकून जायचे नाहीत.”

बघा आता. अस्वलं ऐकून घेतली, सूप ऐकून घेतलं, आणि सगळ्यात एकच गोष्ट खरी होती ती याला पटेना. मी परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, काडी आता नीट बसेल, हत्तीला जपा. आले मी परत, तोंड एवढंसं करून. नातीलाही काही सांगितलं नाही.

शनिवार आला. खुर्ची रिकामी. नातीने खिंड मांडली, दोन बाजूंना खोकी उभी करून मधे बोटभर फट. लिफ्टवाला म्हणाला, मी त्याला पाठीवर घेऊन जातो. नात म्हणाली, टाक फासा. लहान पडला. पडला तो दोघांच्या वजनाने चिखलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी मंत्र घालून त्याला लहान करते. काका म्हणाले, बाई, अंगठ्याएवढा तर आहे, अजून किती लहान करणार. हसले सगळे, पण बाईंचाही फासा लहानच पडला.

मी म्हटलं, अगं, त्याला उठवून बघा की.

“आजी, जाग येते का याचा फासा त्याचा त्यानेच टाकायचा,” नात म्हणाली. “तुला माहितीये ना.”

फासा होता तिथेच. निळा, काड्यापेटीत सोंगटीच्या उशाशी ठेवलेला. सगळे त्याच्याकडे बघत बसले.

तेवढ्यात दाराशी उभी होती ती पोस्टातली बाई बोलली. “बाजाराच्या टोकाचं चष्म्याचं दुकान ना? मागच्या बोळातून गेलं तर पटकन पोचतो. मी रोज जाते.”

जिला ती खुर्ची मिळायची होती, तिनेच वाट दाखवली. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि दिव्याचं बटण बंद केलं. शनिवारी दुपारी त्या दुकानाचं शटर खाली आलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

आमची वरात अशी: पुढे डॉक्टरीणबाई, बाजू व्हा, बाजू व्हा करत. वाटेत त्यांचे काही पेशंट भेटले, त्यांनी बाईंना बघून तोंडं गच्च मिटली. मागे लिफ्टवाला, दोन्ही हातांवर फळी, फळीवर सोंगट्या आणि अख्खी खिंड. त्याच्या बाजूने काका आणि नात खोकी धरून. मी पोस्टाच्या बाईमागे स्कूटरवर, मुठीत काड्यापेटी. स्कूटर इतकी जोरात नेली तिने की माझे केस पांढरे झाले.

चष्मेवाला एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होता. त्या माणसाच्या नाकावर ते भिंगं बदलून बघायचं जड लोखंडी जोखड, समोर भिंतीवर अक्षरं. लिफ्टवाल्याने फळी काउंटरच्या काचेवर ठेवली. चष्मेवाल्याने आधी सोंगट्या बघितल्या, मग दोन खोक्यांमधली फट, मग मला बघितलं.

“म्हणजे खिंड खरंच आहे.”

मी काही म्हणाले नाही. असल्या वेळी गप्प बसण्यात जी मजा आहे ती बोलण्यात नाही. मी फक्त काड्यापेटी त्याच्या हातात दिली.

त्याने ती उघडली. फासा हातात घेतला. कशासाठी टाकायचा, असं विचारलं. नात म्हणाली, जाग येते का त्यासाठी. त्याने टाकला. फासा काचेवरून खडखडत गेला, चष्म्याच्या एका घराला आपटला आणि थांबला.

एक. त्याहून लहान आकडा नसतो.

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, खालची ओळ वाचू का. नातीचं तोंड उतरलं, आता ती काय बोलणार? मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्या कानात एकच शब्द सांगितला.

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताठ उभी राहिली.

“नाही उठला,” ती म्हणाली. “कुशीवर वळला आणि घोरायला लागला. आधी हळू. मग असा घोरला की खिंडीचे कडे थरथरले. वरून एक दगड सुटला. त्याने दुसरा पाडला. मग दोन्हीकडचे कडे कोसळायला लागले. सगळे गाडीखाली लपले. धूळ बसल्यावर बघतात तर खिंडीतून दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी वाट.” आणि तिने बोटाने दोन्ही खोकी पाडली.

लिफ्टवाल्याने काड्यापेटी हळूच ढकलत पलीकडे नेली.

चष्मेवाला बघत होता. “एवढ्या जोरात?” त्याने विचारलं.

“मी गाडीच्या बाजूला होतो,” लिफ्टवाला अगदी गंभीर तोंडाने म्हणाला. “कान अजून बंद आहेत.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दातसुद्धा हलले.

त्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. “म्हणजे ती बरोबर होती,” तो म्हणाला. “मी एकदाही कबूल केलं नाही.” मग त्याने भिंग उचललं, आपली सोंगटी प्रकाशात धरली आणि दाढी निरखून बघायला लागला. घरटं कुठाय, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पिल्लं उडाली, घरटं वाऱ्याने गेलं, तुम्ही यायला किती उशीर केलात.

पुढच्या शनिवारी तो आला. डोळे तपासायचं आपलं फिरतं स्टूल डोक्यावर घेऊन आला. पोस्टातली बाई उठायला लागली तर म्हणाला, बसा, मला फिरायची सवय आहे. ते स्टूल फिरताना असं करकरतं की राक्षस आलेला ऐकू येत नाही. काकांनी तेल घातलं, उपयोग शून्य. बसल्या बसल्या त्याने पहिला फासा टाकला आणि त्याचा योद्धा जागा झाला.

आता पोस्टाच्या बाईसाठी नवीन सोंगटी रंगवतोय. तिच्या घोडेस्वाराच्या पिशवीत पत्रं आहेत आणि एका पत्रावर तिकीट लावायचं राहिलंय. आणि तुम्ही कधी त्या दुकानात गेलात तर काकांकडून भिंग मागून घ्या आणि चष्मेवाल्याच्या योद्ध्याची दाढी बघा. डाव्या बाजूला एक घरटं आहे, त्यात एक निळसर अंडं. मग ठरवा आजी खोटं बोलते का ते.