अकरा नंबरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नाही आणि शाळेतलीही नाही. लंडनमध्ये संसदेपासून चार मिनिटांच्या वाटेवर 'लँटर्न' नावाची खानावळ आहे. तिच्या भिंतीवर, कोट टांगायच्या खुंट्यांच्या वरच्या बाजूला मी असते. मला कुणी हाताने वाजवत नाही. सभागृहात मतदानाची वेळ झाली की तिथे एक बटण दाबले जाते आणि तारेच्या या टोकाला मी वाजू लागते. आठ मिनिटे वाजते. मग तिथली दारे बंद होतात. 'हो' म्हणणारे खासदार एका दालनातून जातात, 'नाही' म्हणणारे दुसऱ्या दालनातून. आत पोहोचला त्याचे नाव यादीत लागते. बाहेर राहिला तो गैरहजर.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. पितळेची वाटी, पोलादी हातोडी आणि आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एवढाच माझा देह. माझ्या पाठीवर कारागिराने ठोकून ११ हा आकडा उमटवला. आसपासच्या खानावळींत माझ्या बहिणी लागल्या होत्या, त्यांतली मी अकरावी.

सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. मी वाजले की सूप पिणारे अर्ध्यावर उठत. एक जाडजूड खासदार गळ्यातला नॅपकिन काढायला विसरून तसेच सभागृहात गेले होते, असे सांगतात. या खानावळीची एक रीत होती, ती आजही आहे. परत येणार असेल तर खासदाराने नॅपकिनला गाठ मारून ताटाशेजारी ठेवायची. गाठ दिसली की ताट उचलायचे नाही, वर दुसरे ताट उपडे घालायचे. मालकीणबाई ब्रायडी कीनन आयर्लंडहून इथे लग्न करून आल्या. दर शनिवारी त्या मला व्हिनेगर आणि मिठाने घासत. "आमची अकरावी," त्या गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्या एका हाकेला जो मान आहे ना, तो माझ्या नवऱ्याच्या हाकेलाही नव्हता."

मग खिशातले फोन आले. मतदानाचा निरोप फोनवर येऊ लागला. खासदार माझ्याकडे न बघताच उठू लागले. शनिवारचे घासणे महिन्यावर गेले, मग नाताळावर. मी काळवंडले. तरीही बटण दाबले की वाजायचे, हे मी कधी चुकवले नाही.

आता त्या मंगळवारचे सांगते.

मार्च महिना होता. संध्याकाळी खानावळीत दोनच टेबले भरली होती. ब्रायडीबाई बहिणीकडे गेल्या होत्या आणि गल्ल्यावर त्यांचे दीर फिंटन बसले होते. फिंटन यांचे कानाचे यंत्र बहुतेक वेळा चष्म्याच्या डबीत असते. माझ्या बरोबर खाली दोन खासदार जेवत होते. एक यॉर्कशरच्या हिल्डा होलरॉइड, दुसरे कॉर्नवॉलचे डेन्झिल ट्रेवेला.

सात वाजून दोन मिनिटांनी मी वाजले. दाराजवळचे परदेशी जोडपे आग लागली असे समजून बाहेर पळाले ते परत आले नाही. हिल्डाबाईंच्या पुढ्यात गरम पुडिंग होते, अर्धे संपलेले. त्यांनी नॅपकिनला गाठ मारली.

"उठा की ट्रेवेला! ढेकर नंतर द्या."

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

"आणि माझ्या पुडिंगला हात लावाल तर याद राखा!"

त्या गेल्या. डेन्झिल यांनीही नॅपकिनला गाठ मारली. खुंटीवरच्या कोटाकडे पाहिले. मी वाजत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी ती गाठ सोडली. पाचव्या मिनिटाला पुन्हा मारली आणि पुन्हा सोडली. आठव्या मिनिटाला मी थांबले, तेव्हा नॅपकिन सरळ होऊन मांडीवर पसरलेला होता.

मतदान होते लहान गावांतले बाळंतपणाचे विभाग चालू ठेवण्याबद्दल. ठराव एकेचाळीस मतांनी पडला. डेन्झिल यांच्या पोर्थकेरिस गावातही असा एक विभाग होता, आठ खाटांचा. तो चालू ठेवण्याच्या बाजूने मत देईन, असे त्यांनी गावाला जाहीर सभेत सांगितले होते.

पोर्थकेरिस मी पाहिलेले नाही, पण तिथल्या एका बाई मला चांगल्या माहीत झाल्या. मॉर्वेना टँग्ये त्यांचे नाव. एकोणचाळीस वर्षे त्यांनी गावचे टपाल ऑफिस चालवले. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या फळ्यावर, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशेजारी, त्या दर आठवड्याला एक कागद लावू लागल्या. त्यात तीन रकाने. गावच्या खासदाराने मत कुठे दिले, सभागृहात कोणते काम केले आणि खर्च किती मागितला. कोळी भरतीची वेळ बघायला येत आणि जाता जाता हेही वाचत. बाईंचा नियम एकच होता. दोन ठिकाणी खातरी झाल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

त्या मंगळवारपुढे त्यांनी लिहिले, 'गैरहजर'. गाव चिडले. तेव्हा डेन्झिल यांनी तिथल्या साप्ताहिकाला सांगितले, "मी लँटर्नमध्ये जेवत होतो. फोन कोटात होता आणि तिथली घंटा वाजलीच नाही."

साप्ताहिकातली बातमी आणि त्यांच्या कार्यालयाचे पत्र, अशा दोन खातऱ्या करून बाईंनी 'गैरहजर'शेजारी 'घंटा वाजली नाही' ही ओळ लावली. मित्रांनो, गावाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. राग माझ्यावर आला. 'मुकी घंटा, लँटर्न, लंडन' अशा पत्त्यावर दोन पत्रेही आली. मग तारा तपासणारा माणूस आला. त्याने मला उघडले, झाडले, तीन वेळा वाजवले आणि कागदावर लिहिले, 'दोष आढळला नाही.'

"मग साहेबांना ऐकू कशी नाही आली?" ब्रायडीबाईंनी विचारले.

"बाई, मी घंटा दुरुस्त करतो. कान नाही."

तरी संसदेच्या कचेरीतून निरोप आला की शंका असलेली घंटा भिंतीवर नको. मला काढले आणि जिन्याखालच्या खोक्यात, नाताळच्या कागदी फुलांमध्ये ठेवले. जिच्या अंगात आवाज आहे तिला तोंड नाही, ही गोष्ट तिथे मला पहिल्यांदा कळली. मी खरी होते. पण ते सांगणार कोण?

जून महिन्यात खासदारांच्या खर्चाची यादी प्रसिद्ध झाली. मॉर्वेनाबाई फक्त आपल्या खासदाराची यादी वाचत नसत. त्या त्याच दिवसाच्या इतरांच्या नोंदीही वाचत. त्यात त्यांना हिल्डा होलरॉइड यांची एक नोंद दिसली. तारीख तीच, खानावळ तीच. शेरा असा होता: 'पुडिंग. निम्मी किंमत मागत आहे, कारण घंटा वाजल्यामुळे निम्मेच खाल्ले.' त्यांनी त्या संध्याकाळची मतदानाची यादी काढली. हिल्डाबाईंचे नाव तिच्यात होते.

एक खातरी झाली. दुसरी करायला त्यांनी हिल्डाबाईंना पत्र टाकले. उत्तराचे कार्ड आले: 'घंटा? चांगली खणखणीत वाजली. दोन मतदाने लागोपाठ झाली म्हणून परतता आले नाही. माझे पुडिंग कोणी खाल्ले ते कळवा.'

तरीही बाईंनी फळ्यावर काही लिहिले नाही. घरून केशर घातलेल्या पावांचा डबा भरून घेतला, पाच तासांचा आगगाडीचा प्रवास करून त्या लँटर्नमध्ये आल्या आणि ब्रायडीबाईंना म्हणाल्या, "मला ती घंटा बघायचीय."

ब्रायडीबाईंनी मला खोक्यातून काढले. फुंकर मारली. "माझ्या पोरीचं नाव गेलं हो फुकट," त्या पुटपुटल्या आणि पदराने पुसावे तशा ॲप्रनने मला पुसू लागल्या.

चार वाजता डेन्झिल आले. मॉर्वेनाबाईंनीच बोलावले होते. मी टेबलावर दोघांच्या मध्ये होते.

"बस, माझ्या राजा," बाई म्हणाल्या. कॉर्नवॉलमध्ये पंतप्रधानालाही असेच म्हणतील. "पाव घे. तुझ्या आईला आवडायचे तसलेच आहेत."

डेन्झिल यांनी पाव घेतला नाही. बाईंनी यादीची प्रत आणि कार्ड पुढे सरकवले. त्यांनी दोन्ही वाचले. मग ते माझ्या पाठीवरचा आकडा बघू लागले.

"मॉर्वेनाबाई, एकेचाळीस मतांनी पडला तो ठराव. माझ्या एका मतानं काय झालं असतं?"

"काहीच नाही. बेरीज मलाही येते. टपाल ऑफिस चालवलंय मी."

"मग?"

"मग काय? माझ्या फळ्यावर एक ओळ खोटी आहे. तीन महिने झाले. येणारीजाणारी बाई ती वाचते आणि म्हणते, बिचारा डेन्झिल. खोटं तू बोललास, पण ते चिकटवलं मी. माझ्या हातानं."

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आला. ब्रायडीबाई दाराआड उभ्या होत्या.

"पक्षानं सांगितलं होतं विरोधात मत दे," डेन्झिल हळू म्हणाले. "मंत्रिमंडळाच्या पुढच्या फेरबदलात तुझा विचार करू म्हणाले. गावाला शब्द दिलेला. या दालनात गेलो तर मंत्रिपद गेलं, त्या दालनात गेलो तर गाव गेलं. म्हटलं, बसून राहावं."

"आठ मिनिटं?"

"आठ मिनिटं."

"अरे, मग हेच सांगायचं होतं की! आम्ही काय तुला समुद्रात ढकललं असतं?" बाईंनी डबा पुढे सरकवला. "तसं मार्चमध्ये ढकललंही असतं. पाणी गार असतं तेव्हा."

डेन्झिल हसले नाहीत, पण त्यांनी पाव उचलला.

"दोन खातऱ्या झाल्यात," बाई म्हणाल्या. "मी उद्या माझ्या शब्दांत लिहू शकते. की तू सांगतोस तुझ्या शब्दांत?"

त्यांनी बाईंचे पेन मागून घेतले आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: 'घंटा वाजली होती. मी उठलो नाही.' खाली सही केली. तो कागद दुसऱ्या दिवशी पोर्थकेरिसच्या फळ्यावर लागला. ब्रायडीबाईंनी त्याची नक्कल मागवली आणि 'दोष आढळला नाही'च्या कागदाला जोडून संसदेच्या कचेरीला पाठवली. आठवड्याभरात मी पुन्हा भिंतीवर होते.

विभाग मात्र बंद झाला. आता पोर्थकेरिसच्या बायका बाळंतपणाला तीस मैलांवर जातात. पुढच्या निवडणुकीत डेन्झिल तीनशे बारा मतांनी हरले. त्या एका ओळीने ते हरले, असे काही जण म्हणतात. ती ओळ नसती तर तीन हजारांनी हरले असते, असे दुसरे म्हणतात. मॉर्वेनाबाईंना कोणी त्यांच्या मताबद्दल विचारले की त्या सांगतात, "माझं मत फळ्यावर नसतं, राजा. ते गुप्त असतं. त्याचं नसतं."

मित्रांनो, आता ब्रायडीबाई मला पुन्हा शनिवारी घासतात. मी चकचकीत दिसते, याचा मला आनंदच आहे. पण मला खोक्यातून बाहेर काढले ते व्हिनेगर-मिठाने नाही. कंटाळवाण्या याद्या चिकाटीने वाचणाऱ्या एका म्हातारीने काढले. तुमच्या गावातही अशा याद्या असतील, धूळ खात पडलेल्या. त्यांच्यावरची धूळ झटका. त्या वाचा. आणि एखाद्या मुक्या वस्तूवर कोणी दोष टाकला, तर तो खरा मानण्याआधी दोन ठिकाणी खातरी करा.

डेन्झिल वर्षातून एकदोनदा लंडनला येतात आणि माझ्याच खाली बसतात. परवा मी वाजले तेव्हा त्यांचे हात आपोआप नॅपकिनकडे गेले. गाठ मारून ते अर्धे उभेही राहिले. मग त्यांना आठवले आणि ते खाली बसले. शेजारच्या टेबलावर एक नव्या बाई खासदार काट्याने बटाटा फिरवत होत्या, कोटाकडे बघत, पुन्हा बटाट्याकडे बघत.

डेन्झिल त्यांच्याकडे वळले.

"उठा, बाई," ते म्हणाले. "बसून काढायला आठ मिनिटं फार लांब असतात."