बाबांचा वाटाणा

नवऱ्याने घडवलेलं वाटाण्याचं नवं वाण हातातोंडाशी आलं आणि तो गेला. संशोधन केंद्राच्या शेतातच, टपोऱ्या शेंगांनी लगडलेल्या वाफ्याशेजारी त्याचं हृदय बंद पडलं.

बायको त्याच केंद्रात मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. तो तिला मातीवाली म्हणे. बियाणं शेतकऱ्यांकडे जाण्याआधीची शेवटची तपासणी तिच्याकडे आली. दुसऱ्या कुणाकडे देऊ का, असं साहेबांनी विचारलं. ती नको म्हणाली.

वाटाण्याच्या मुळांवर बारीक गाठी धरतात. त्यांत जिवाणू राहतात, झाडाकडून साखर घेतात आणि हवेतला नत्र त्याला पुरवतात. पण कुठल्या जिवाणूला आत घ्यायचं ते मूळ ठरवतं, आणि मुळाची ही ओळख त्याच्या जनुकांतून येते. तिने बिनखताच्या वाळूत जुनं वाण आणि नवऱ्याचं वाण शेजारी शेजारी लावलं, दोन्हींना तेच जिवाणू दिले. फुलोऱ्यात कुंड्या उपड्या करून मुळं धुतली. जुन्याला गाठी होत्या, नखाने फोडल्या तर आतून गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. नवऱ्याच्या झाडांची पानं पिवळी पडलेली, मुळं साफ कोरी.

तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. केंद्राच्या शेतात खताची कधी वानवा नव्हती, त्यामुळे गाठींवाचून झाडांचं काही अडलं नव्हतं. मोठ्या शेंगेच्या मागे लागून निवड करता करता जिवाणूंना ओळखणारं जनुकच निकामी झालं होतं, आणि मुळं उपटून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जेवताना तिने लेकीला सांगितलं. लेकीने घास ताटात ठेवला.

"आई, बाबांचं एवढंच तर मागे राहिलंय. खत घालून पिकतंय ना?"

"ज्याला परवडेल तो घालेल. बाकीच्यांचं रान पिवळं पडेल, आणि ते तुझ्या बाबांच्या नावाने बोटं मोडतील."

लेक ताटावरून उठली. मग तिने अबोलाच धरला.

तिने जे दिसलं ते साहेबांना कळवलं. वाण बाहेर जायचं थांबलं. घरी येऊन ती नवऱ्याच्या कपाटाशी बसून खूप रडली. पुढच्या हंगामात तिने त्याच्या झाडांचा जुन्या वाणाशी संकर केला. पहिल्या पिढीत गाठी आल्या, पण शेंगा बारक्या. दुसऱ्या पिढीत झाडागणिक तऱ्हा वेगळी. त्यांतून गाठी आणि मोठी शेंग दोन्ही असलेली झाडं ती वेचत राहिली. असे काही हंगाम गेले.

एका दुपारी लेक न सांगता केंद्रात आली. आई बादलीत मुळं धूत होती. मुळांवर गाठी होत्या, शेंगा बाबांच्या शेंगांपेक्षा थोड्या लहान होत्या. लेकीने एक शेंग सोलून पाहिली.

"हा बाबांचाच म्हणायचा का?"

"निम्मा," आई म्हणाली.

लेकीने बाह्या वर केल्या आणि दुसरं झाड उचललं. मुळांना धक्का न लावता माती कशी सोडवायची, ते आई तिला दाखवू लागली.