दारातला माल

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटकेचा निःश्वास टाकतील आणि ते मला नको आहे. शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. दिवाळी सरली की आमच्याकडं निम्म्या घरांना कुलपं लागतात, माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागं राहतात ती म्हातारी, शाळेतली पोरं आणि पुढारी. पुढारी ऊस तोडायला गेल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

आमच्या गावात कांदा उत्पादकांची सहकारी संस्था आहे. चेअरमन त्रिंबकराव. सहकारावर यांचं भाषण ऐकावं, डोळ्यांत पाणी येतं. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून बौद्ध वस्तीवर हार घालायला हे सगळ्यात पुढं; तिथं कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला की "आत्ताच पिऊन आलो बघा." अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात या माणसाला वस्तीवर एकदाही तहान लागलेली नाही. नाकानं कांदे सोलणारा माणूस कांद्याच्या संस्थेचा चेअरमन होणार, यात नवल कसलं!

संस्थेचा कांदा कंटेनरमधून बंदरावर आणि तिथून बोटीनं दुबईला जातो. कंटेनरात एकोणतीस टनांच्या वर माल चालत नाही. वजन वर गेलं की बोटीची कंपनी जादा वजनाचा आकार लावते, कंटेनर बंदरावर अडकतो आणि बोट निघून जाते. म्हणून वीस किलोची जाळीची गोणी, अशा साडेचौदाशे गोण्या, हे गणित ठरलेलं. कोणाच्या किती गोण्या जायच्या तेही सभेत ठरतं.

आता यातली गंमत बघा. गोण्यांची संख्या ठरलेली, पण पैसे मिळतात वजनावर. वस्तीच्या तीन घरांचा माल संस्थेच्या काट्यावर चढतो, किलोभर इकडं-तिकडं झालं तर परत पाठवतात. वरच्या आळीचं मात्र ज्यानं घरी वजन केलं ते खरं मानायचं. घरच्या माणसांवर अविश्वास दाखवायचा का, असं त्रिंबकराव म्हणतात. मग घरची माणसं दर चार-पाच गोण्यांमागं एकीत वीसच्या जागी बावीस-तेवीस किलो कोंबतात. सांगूनच टाकतो, माझ्याही काही गोण्या एकवीसच्या होत्या. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही.

भरताना पहिली गोणी त्रिंबकरावांची. तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि तिला पार आत, टोकाला ठेवायचं. मग आळीची घरं मानाप्रमाणं. वस्तीचा माल सगळ्यात शेवटी, दाराशी. कोणी जात काढत नाही हो. आम्ही सुधारलेली माणसं. आम्ही त्याला रीत म्हणतो. दुबईत ज्या घरात तो कांदा चिरला जातो, तिथल्या बाईला कांदा कोणाचा हे कळत नाही, कळलं तरी तिला त्याचं काही नाही. पण आम्ही तो इथून सोवळ्यात पाठवतो. आणि वजन जास्त भरलं की दारातला माल उतरतो. आतलं काढायला वेळ कुठं असतो?

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली दुष्काळ होता. टँकर दोन दिवसांआड यायचा. जाईबाई निवृत्ती ही वस्तीतली बाई, वीस हंगाम ऊस तोडलेली. त्या साली तिनं कोयता भिंतीला टांगला आणि मागं राहिली. विहिरीच्या तळाशी रात्रीत साचायचं तेवढं पाणी सकाळी शेंदून तिनं वीस गुंठे कांदा जगवला. तिच्या सुनेचं आदल्या हंगामात उसाच्या फडातच बाळंतपण झालं होतं. मूल हाती लागलं नाही. आता सून पुन्हा तीन महिन्यांची गरोदर होती, आणि ऊसतोडीचा मुकादम उचल द्यायला दारात येऊन गेला होता. जाईबाईनं त्याला सांगितलं होतं, "कांदा गेला तर सून येनार न्हाई. न गेला तर बघू." तिच्या तीस गोण्या होत्या. आदल्या वर्षी फडावर जायच्या आधी काढलेला तिचा पावसाळी कांदा दोनदा उतरवला गेला आणि पत्र्याच्या शेडमध्ये सडला. तेवढ्यानंही भागलं नाही. तिसऱ्या खेपेला कंटेनर जड गेला तेव्हा बंदरावर लागलेला आकार याच तीन घरांच्या पैशातून कापला, कारण कागदावर जादा वजन त्यांच्या नावावर होतं.

कागद लिहायची शिवकन्या. त्रिंबकरावांची सख्खी पुतणी, बीडला बी.कॉम. झालेली, संस्थेत कारकून. वजनाच्या दाखल्यावर सही तिचीच. पुढं-मागं काही झालं तर आपलं नाव नको, म्हणून काकांनी बोटीच्या कंपनीकडं एकट्या पुतणीच्या सहीचा नमुना पाठवलेला. घरच्या माणसांवर यांचा विश्वास किती, ते यात दिसतं. उतरवलेल्या मालापुढं ती दोन वर्षं एकच ओळ लिहीत आली होती: "जाईबाई निवृत्ती, वजन जास्त."

मे महिन्यातली सकाळ. धुळाजी ड्रायव्हर कंटेनर घेऊन आला. हमालीला वस्तीतली आठ माणसं, त्यांत जाईबाईही होती. नारळ फुटला. दहापर्यंत गाडी भरली, हायवेवरच्या कापसाच्या जिनिंगच्या मोठ्या काट्यावर वजन करून आली. धुळाजीनं चिठ्ठी पुढं केली. साडेसातशे किलो जास्त.

त्रिंबकरावांनी चिठ्ठी नीट वाचलीही नाही. दारातल्या अडतीस गोण्या उतरवा, म्हणाले आणि चहा मागवला. अडतीस म्हणजे जाईबाईच्या तीस आणि शेजारच्या घराच्या आठ. बोटीत माल घेणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होतं. आम्ही आळीची माणसं लिंबाच्या सावलीत बसलो होतो, कोणी मान वर केली नाही. सवय झालेली असते.

जाईबाई कंटेनरात चढली. आपली एक गोणी डोक्यावर घेऊन खाली आली आणि ती तिनं काट्यावर ठेवली. वीस किलो, बरोबर. मग परत चढली, आपल्या रांगेमागची आळीतल्या बबनरावांची गोणी ओढून काढली आणि तीही आणून ठेवली. काटा बावीसच्या पुढं गेला. बबनराव पानाला चुना लावत होते, ते लावतच राहिले.

"आत ह्याच्याहून जड हायती," जाईबाई म्हणाली. "माझ्या डोस्क्यावरनंच आत गेल्यात. वीस वर्सं उसाच्या मोळ्या वाहिल्या, मला काटा लागत न्हाई. चेअरमनसाहेब, वजन तुमचं आन् उतरायचं आमी, आसं कावून?"

त्रिंबकराव हसले. बाई, तुझा हात पक्का आहे, म्हणाले, पुढच्या कंटेनरला तुझा माल आधी घेऊ. पण आता सगळी गाडी उपसायची म्हणजे चार तास. टाइम न्हाई. मग त्यांनी शिवकन्येला दाखला लिहायला सांगितलं.

शिवकन्येनं पेन उचललं. दोन वर्षं लिहिलेली ओळ, हात आपोआप "जाईबाई"पर्यंत गेला. समोर काट्यावर बबनरावांची गोणी तशीच पडलेली, आकडा लाल दिव्यात लकाकत होता. तिनं नाव खोडलं आणि पेनाला टोपण लावलं.

"काका, मी न्हाई लिहीत."

"काय न्हाई लिहीत?"

"खोटं. दोन वर्सं लिहिलं. दर बारीला वाटायचं, आपल्याला काय करायचंय. जादा वजन तुमचं हाय, बबनतात्याचं हाय, समद्या आळीचं हाय. जाईमावशीचं न्हाई. तेच लिहू का?"

मग त्रिंबकराव जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पोरींना शिकवलं की हे असं होतं, एवढं त्यातलं सभ्य. तिचा बाप, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, सावलीतच बसला होता, त्यालाही ऐकवलं. त्यानं मान खाली घातली, पण पोरीला सही कर म्हणाला नाही. त्या माणसानं आयुष्यात दाखवलेली हिंमत एवढीच, पण ती मोजायला हवी. आणि सहीशिवाय धुळाजी गाडी हलवेना. दाखला नसला तर बंदराच्या फाटकातूनच परत फिरावं लागेल, असं तो सांगत होता. हमाल शेडच्या भिंतीला टेकून बसले होते. जाईबाईनं त्यांना बसा म्हटलंही नव्हतं.

बारा वाजता आळीला घाम फुटला. दुसऱ्याच्या तीस गोण्या सडताना शांत बसलेली माणसं, आपला माल अडकला तशी उठून उभी राहिली. माझ्यासकट. त्रिंबकरावांना आम्हीच म्हणालो, उपसा गाडी. न्याय वगैरे काही आमच्या मनात नव्हता, बोट होती.

चार तास लागले. पांढऱ्या कपड्यांतली आळी पहिल्यांदाच गोणीखाली वाकली. एकेक गोणी काट्यावर चढली. आकडा शिवकन्या मोठ्यानं वाचायची आणि मालकाचं नाव घेऊन लिहायची. एकवीस, माझी. बावीस, बबनरावांची. सगळ्यात आतली, हळदकुंकू लावलेली, चोवीसला टेकली. नारळाचा मान असलेल्या गोणीचं वजन ऐकून धुळाजी हसला, आम्हाला हसता आलं नाही.

जादा भरलेल्या गोण्या उसवायच्या, कांदा कमी करायचा, पुन्हा शिवायच्या. वस्तीचा माल तयारच होता. धुळाजी म्हणाला, जे तयार आहे ते आधी चढवा, तोवर बाकीचं शिवून होईल. सरळ गोष्ट होती. हमालांनी जाईबाईच्या तीस गोण्या उचलल्या आणि पार आत, टोकाला लावल्या. मग ज्याचं शिवून होईल तसा एकेकाचा माल चढत गेला. त्रिंबकरावांच्या गोण्या सगळ्यात फुगलेल्या, म्हणून शिवायला सगळ्यात उशीर. दोनशे ऐंशी गोण्या उरल्या आणि जागा उरली ती दाराशी.

"थांबा," त्रिंबकराव म्हणाले. "आधी माझा माल आत लावा, मग ह्यांचा."

जाईबाईनं पदरानं तोंड पुसलं. "टाइम न्हाई ना, साहेब."

सकाळपासून त्यांचाच शब्द होता, त्यामुळं त्यांना तो खोडता येईना. रीत म्हणावं तर रीत का, हे सांगावं लागणार. शेवटी तो माणूस खरं बोलला. "माझा माल दारात? त्यांच्या मागं? बापजन्मात असं झालं न्हाई. नको मला बोट न् बिट." आणि त्यांनी दोनशे ऐंशी गोण्या घरी नेल्या. खरंच नेल्या हो. दोन ट्रॅक्टर लावून, भर उन्हात. चेअरमननं स्वतःचा साडेपाच टन कांदा केवळ दाराशी बसावं लागेल म्हणून बोटीवरून काढून घेतला. असं शहाणपण विकत मिळत नाही.

शिवकन्येनं दाखल्यावर खरा आकडा लिहिला, सही केली. गाडी हलकी होऊनच गेली. दाराशी माझ्या गोण्या होत्या. माझ्या कांद्याला काही झालं नाही. दाराशी कोणाचा तरी माल असणारच, पण वर्षानुवर्षं त्याच तीन घरांचा का, हे आम्ही एकमेकांना कधीच विचारलं नव्हतं. ती विचारायची गोष्ट आहे, हेच डोक्यात आलं नव्हतं.

आठवड्यात शिवकन्येला कामावरून काढलं. ठरावाला हात वर करणाऱ्यांत निम्मे तरी असे होते ज्यांचा माल तिच्या सहीनं वेळेत पोचला होता. तिनं ठराव वाचला आणि त्याच सभेत बापाचं संस्थेतलं सभासदत्व स्वतःच्या नावावर करायचा अर्ज भरून दिला. मी आता सभासद म्हणून दर भरतीला काट्याजवळ उभी राहणार, म्हणाली. तेव्हापासून राहते.

जाईबाईची सून त्या हंगामात फडावर गेली नाही. मुकादमाचे पैसे दारातूनच परत गेले. तिला मुलगी झाली, शिरूरच्या दवाखान्यात, खाटेवर.

आणि त्रिंबकरावांचा कांदा? व्यापारी पडत्या भावानं मागत होते, यांचा मान आड आला. दिवाळी सरेपर्यंत बंद शेडात, पत्र्याखाली, दोनशे ऐंशी गोण्या उबल्या, गळल्या, जमिनीवर पाणी सुटलं. वास चावडीपर्यंत यायला लागला. तेव्हा त्यांनी वस्तीवर माणूस पाठवला. सडका माल उचलून ओढ्यात टाकायचा आहे, जाईबाई आणि तिघं-चौघं या, मजुरी देऊ. अर्थात वस्तीवरच पाठवला. दुसरं कुठं पाठवायचा असतो हे आमच्या गावात कोणाला सुचलंच नसतं.

जाईबाई नातीला तेल लावत होती. निरोप ऐकला, पोरीचा पाय हातात तसाच धरून ती म्हणाली, "साहेबास्नी म्हनावं, ज्याचं वजन त्यानं उतरवावं."

दोन दिवसांनी त्रिंबकराव तोंडाला उपरणं बांधून स्वतः गोण्या ओढत होते. आम्ही नाक दाबून शेजारून गेलो. हात लावायला कोणीच थांबलं नाही.