सायलीच्या श्वासातला फेर

मित्रांनो, माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "याला डोळा कुठं लावायचा?" मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. माणसाहून उंच, अंगानं जाडजूड, पाणी तापवायच्या बंबासारखा दिसणारा. माझ्या माथ्यावर एक बारीक तार तापते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन खाली धावतात, नमुन्यातून आरपार जातात आणि पडद्यावर चित्र उमटवतात. त्यांच्या वाटेत हवा आडवी येऊ नये म्हणून माझ्या पोटातली सगळी हवा आधी उपसून काढावी लागते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून आलो, मग ट्रेलरवर बसून सोलापूर रस्त्यानं कुरकुंभला पोचलो. तिथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत माझ्यापुढं नारळ फुटला. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी माझ्याच खोलीत आणायचे. पुढं शेजारच्या खोलीत नवं चकचकीत यंत्र आलं. ते वस्तूचा वरचा पृष्ठभाग झटकन दाखवायचं आणि कंपनीला तेवढंच हवं होतं. माझ्यावर कापडी कव्हर चढलं.

आठवण राहिली ती फक्त मेहकला. दौंडच्या मीरासाहेबांची ही लेक माझ्यावरच काम शिकली होती. जाता-येता ती कव्हर उचलून धूळ पुसायची आणि मला 'आजोबा' म्हणायची.

एक दिवस विभागप्रमुख साहेबराव आले. "मेहक, हे धूड आता हलवू. पार्ट मिळत न्हाईत, उगं जागा अडलीय. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येतोय."

"सर, एवढा एक नमुना बघू द्या. आरपार बघायचंय, ते नव्या यंत्राला जमणार नाही."

तो नमुना एका मुलीचा होता. वडगाव रासाईची सायली, तिसरीतली. जन्मल्यापासून तिचा खोकला सुटला नव्हता. नाक वाहायचं, कान फुटायचे. टीबी समजून दोनदा गोळ्या झाल्या, पण फरक पडला नाही. आता तिसऱ्यांदा त्याच गोळ्या सुरू करायचं चाललं होतं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मात्र वेगळीच शंका आली. आपल्या नाकात आणि श्वासनळीत डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सतत लवलवतात आणि धूळ, कफ बाहेर लोटतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सायलीचे केस हलताना दिसत होते, पण वाळक्या काडीसारखे ताठ. म्हणून बाईंनी मऊ ब्रशनं तिच्या नाकातल्या आणखी थोड्या पेशी काढल्या. बाईंच्या ओळखीतली मेहक त्या माझ्याकडं घेऊन आली, डिंकासारख्या रसात तिनं त्या घट्ट केल्या आणि त्यांचे अतिशय पातळ काप काढले.

पहिलं चित्र उमटलं. असा केस आडवा कापला, की आत नऊ जोड्यांचं कडं दिसतं आणि मधोमध दोन धागे. मुलींनी फेर धरावा आणि मध्ये दोघींनी फुगडी घालावी, तसं.

साहेबराव वाकून बघू लागले. "सगळं जागच्या जागी हाय की. नॉर्मल लिहून टाक."

"सर, सपाट चित्रात एकामागं एक लपतं. मी काप तिरका करून बघते."

कणीस बोटांत फिरवून आपण सगळीकडून दाणे बघतो ना, तसंच हे काम. नमुना धरणारी माझी दांडी जराशी कलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा कलवायची. मग संगणक ते सारे फोटो एकत्र गुंफतो आणि पेशीच्या आतली वस्तू घडीव मूर्तीसारखी समोर उभी राहते.

पण माझा सांधा आखडला होता. दांडी मध्येच अडकली, चित्र पळालं. मेहकनं ती बाहेर काढली, पुसली, नखभर ग्रीस लावलं. पुन्हा सुरुवात केली, तर माझी तार लुकलुकू लागली आणि कपाटात दुसरी तार नव्हती. मेहकनं माझ्या अंगावर हात ठेवला. "आजोबा, एवढा दम धरा."

मित्रांनो, मी धरला.

दोन केस पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. एक सायलीचा, दुसरा मेहकचा स्वतःचा. ताडून बघायला तिनं आपल्याच नाकातला नमुना घेतला होता. मेहकच्या केसात मधल्या धाग्यापासून कड्याकडं एक इवलासा हात पुढं आलेला होता. सायलीच्या केसात त्या जागी काहीच नव्हतं. सायलीच्याच आणखी एका केसात बघितलं, तिसऱ्यात बघितलं. कुठंच नव्हतं. तो हात नाही म्हणूनच केस ताठ हलत होते आणि कफ आत साचत होता.

साहेबरावांनी खुर्ची ओढली आणि चष्मा काढून हातात धरला. "मी नॉर्मल लिहायला लावत होतो," ते हळूच म्हणाले.

पुढं रक्ताच्या तपासणीतही हाच जन्मजात दोष निघाला. टीबी नव्हताच.

सायली आणि तिची आई सुलक्षणा चित्र बघायला आल्या. येताना हरभऱ्याचे डहाळे आणले होते. सायलीनं पडद्यावर बोट फिरवलं. "ह्यो माझा? कसला भारी दिसतोय!"

सुलक्षणा मात्र दाराशीच उभी होती. "मॅडम, एक इचारू? ही पोटात असताना सूर्याला गिरान लागलं, ते मी पाळलं न्हाई. घरात समदी म्हनत्यात, त्यानंच झालं. खरं सांगा, माजं चुकलं का?"

मेहक उठून तिच्याजवळ गेली. "नाही ताई. हे आईबाप दोघांच्या रक्तातून नकळत येतं. तुमचं काहीच चुकलं नाही."

सुलक्षणा दाराशीच खाली बसली आणि पदरात तोंड लपवून पोटभर रडली. सायली आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

हा आजार मुळापासून जात नाही, हेही मेहकनं लपवलं नाही. पण छाती मोकळी करायचा व्यायाम रोज केला आणि औषध वेळेवर घेतलं, तर फुप्फुसं जपता येतात. सायली आता अंगणात दोरीवरच्या उड्या मारते म्हणे.

भंगारवाल्याला साहेबरावांनीच परत पाठवलं. चार फोन करून त्यांनी कुठूनशी नवी तार मिळवली आणि मला शिरूरच्या एका कॉलेजात नेऊन बसवलं. तिथं आता शाळेतली मुलं येतात. मागं सायलीही आपल्या वर्गासोबत आली होती. बघता बघता तिला खोकल्याची उबळ आली. तिची मैत्रीण नकुशी पाण्याची बाटली उघडून उभी राहिली आणि उबळ थांबेपर्यंत तशीच उभी होती.

मित्रांनो, मला अधूनमधून चालू करत जा, माझे सांधे मोकळे राहतील. आणि तुमच्यातलं कुणी खोकत असेल, तर आधी त्याला पाणी द्या.