फळ्यानं आंबील पिली

दुधनीच्या अलीकडं, सडकंपास्नं आत, एक शाळा हाय. दोन खोल्या, एक चिंचंचं झाड आन सुकन्याबाई. तसं अजून एक मास्तर व्हते, पन ते कायम कसल्या ना कसल्या ट्रेनिंगला. पोरं त्येंचं तोंड फोटोतच वळखायची. म्हंजी शाळा बाईंचीच.

त्या शाळंला पुन्याच्या एका संस्थेनं डिजिटल फळा दिला. केवढा? आवो, दार चौकटीसकट काढावं लागलं, तवा आत गेला एवढा! बोट लावलं की चित्र पान्यागत सरकायचं. गावातल्या कोंबड्या खिडकीत रांग लावून बघत बसायच्या, आन त्या नादात त्येंनी अंडी घालायचं सोडलं असं शाळंशेजारची म्हातारी गोजाबाई आजूनबी शपथ घिऊन सांगती. पन फळा उसना व्हता. पोरं तो खरंच वापरत्यात का, ते संस्थेचे साहेब, दिग्विजय सर, यिऊन बघनार. पटलं तर ऱ्हाईल, न्हाय तर म्होरच्या शाळंत जाईल.

पयल्यांदा बाईंनी नुसते व्हिडिओ लावले. वर्ग असा चिडीचूप की बाईंना वाटलं, जिंकलं आपन! मंग एक दिवस इचारलं, "काय शिकलात रे?" तर सगळ्या वर्गानं, मधी मधी लागनारी केसाच्या तेलाची जाहिरात चालीवर म्हनून दाखवली. एक शब्द चुकला न्हाय. घरी जाताना एसटीत बाई इचार करत बसल्या. आधी मी बोलत व्हते आन पोरं गप. आता फळा बोलतोय आन पोरं गपच. मंग बदललं काय? नुसता बोलनारा!

आन गप म्हंजी किती गप? तर दानम्माएवढं कुनीच न्हाय. मेंढरंवाल्या गुरप्पाची ही लेक, चौथीत. घरात कानडी, शाळंत मराठी, आन मधल्या मधी पोरीचं तोंड शिवलेलं. हजेरीला नुसता हात वर करायची. बाई सोलापूरच्या, विनकराच्या घरातल्या, लहानपनी घरात तेलुगुच. वर्गात आपल्या घरची बोली कुनाच्याच तोंडात नसली की जीभ कशी दगडागत व्हती, ते त्यास्नी चांगलं ठाऊक व्हतं.

मंग बाईंनी व्हिडिओ लावायचं बंद केलं आन पोरांनाच म्हनाल्या, "तुम्ही बोला, फळा ऐकेल." फळ्याला वर बारका कॅमेरा व्हता. बटन दाबलं की कोपऱ्यात लाल ठिपका यायचा, आन म्होरचा जे बोलंल ते आत साठायचं. पोरं बोलाया लागली. कुनी म्हशीचं सांगितलं, कुनी आज्ज्याच्या भांडनाचं. कुनी नुसतंच खोकून दाखवलं.

एकदा मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यात डबा खात व्हत्या. आतनं आवाज आला. बघत्यात तर दानम्मा एकटी फळ्याम्होरं उभी, कोपऱ्यात लाल ठिपका, आन पोरगी कानडीत अशी सुटलेली की फळ्यालाबी धाप लागावी! बाईंचा घास तोंडातच ऱ्हायला. त्या दिवसापास्नं रोज. आज कानडीत, उद्या तेच मोडक्यातोडक्या मराठीत. पन फकस्त लाल ठिपक्याशी. मानसानं बगितलं की ओठ बंद.

तर बाईंचा जीव तितं अडकला व्हता. फळा गेला म्हंजी ठिपका गेला. ठिपका गेला म्हंजी पोरगी परत मुकी.

आन 'उद्या येतो' म्हनून साहेबांचा फोन आला नेमका येळवशीच्या आदल्या दिवशी.

येळवस म्हंजी आपल्याकडं अख्खा गाव रानात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव पुजायचे, शेंगा-पाल्याची भज्जी आन बाजरीचे उंडे खायचे, ताकातली पातळ आंबील प्यायची, तीच उभ्या पिकाला शिंपडायची. आन वाटनं जानाऱ्याला जेवल्याबिगर सोडायचं न्हाय, मग तो वळखीचा असो नसो.

"सर, उद्या येळवस आहे," बाई फोनवर म्हनाल्या.

"म्हणजे सुट्टी आहे का?" दिग्विजय सरांनी इचारलं. पुन्याचा मानूस, त्येला काय ठाऊक!

"सुट्टी नाही सर. फक्त मुलं नाहीत."

"मॅडम, मला उद्याचाच दिवस आहे. परवा फळे हलवायची गाडी निघते. फळा कुठून उचलायचा ते मला उद्याच सांगायचंय."

"मग रानातच या सर," म्हनून बाईंनी फोन ठेवला आन थेट तिप्पण्णाचं घर गाठलं. तिप्पण्णा मंडपवाला. त्येच्याकडं ट्रॅक्टर, त्येच्याकडं जनरेटर.

"तिप्पण्णा, उद्या फळा रानात न्यायचाय."

"का वो बाई, लगीन लावताय का त्येचं?"

"तसंच समजा. पण जपून."

सकाळी फळा गोदडीत गुंडाळून ट्रॉलीत उभा केला. वाटंत बाया थांबवून इचारायच्या, "नवरी कुटली रं?"

"पुन्याची," तिप्पण्णा सांगायचा. "लई शिकलीया. बोट लावू नगा, लगीच बोलाया लागती!"

गोजाबाईच्या ज्वारीत खोपंला टेकवून फळा उभा केला. गुरप्पाची मेंढरं त्याच रानाच्या पडीक तुकड्यात खतासाठी बसवलेली, तवा दानम्मा तितंच व्हती. बाकीची पोरंबी आजूबाजूच्या खोपंतनं पळत आली. जनरेटर धडधडला, फळा लख्ख पेटला, ज्वारीतल्या पाखरांनी तर टाळ्याच वाजवल्या म्हना!

साहेब मातूर काय येईनात. त्येंची गाडी सडकंला आन ते पायी. मधी जेवढी रानं, तेवढ्या खोपा. पयल्या खोपंत "एवढा घास खावा की साहेब," दुसऱ्या खोपंत "तितं खाल्लं, हितं न्हाय व्हय?" असं करत करत पुन्याचा मानूस बांधाबांधानं भरत येत व्हता.

हिकडं गोजाबाई पूजंला उठली. खोपंतले पांडव पुजले, बैल पुजला, पान्याची मोटर पुजली. मंग तिची नजर फळ्यावर गेली. बाई तवा वाटंकडं बघत व्हत्या. गोजाबाईनं फळ्याला ठसठशीत कुंकू लावलं, हळद लावली आन तांब्याभर आंबील त्येच्या अंगावर वतली.

फळा एकदा निळा झाला, एकदा हिरवा झाला. ढेकर दिल्यागत आवाज केला आन डोळं मिटलं.

"आजी!" बाई वराडल्या. "काय केलंत हे!"

"काय केलं म्हंजी? येळवशीला रानात आलाय, त्येला उपाशी ठिवू व्हय?"

तिप्पण्णानं बटनं दाबली, वायर हालवली, फळ्याला फुंकर घातली. काय न्हाय. आन नेमकं तवाच दिग्विजय सर यिऊन पोचले. शर्टाची खालची दोन बटनं सुटलेली, मिशीला आंबील.

"हं मॅडम," ते धापा टाकत म्हनाले, "दाखवा, मुलं कशी वापरतात."

बाईंच्या डोळ्यात पानी आलं. काळाठिक्कर फळा, त्येच्यावर वघळ आलेली आंबील. काय दाखवायचं? खरं सांगायला त्येंनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंच्या बाजूनं दानम्मा म्होरं गेली. फळ्याम्होरं उभी ऱ्हायली. आंबील सगळीकडनं वघळली व्हती, पन गोजाबाईचं कुंकू तसंच व्हतं. लालभडक, गोल.

दानम्मा त्या कुंकवाकडं बघून गालात हसली. "लाल ठिपका हाय की," आपल्याशीच म्हनाली. आन ठिपक्याकडं तोंड करून लागली बोलाया.

"आमच्या बोकडानं अप्पाचा मोबाईल खाल्ला. पोटात गेला तरी चालूच. मामाचा फोन आला की पोटात गानं वाजतंय. सगळी मेंढरं नाचत्यात." मधी कानडी, मधी मराठी, जिकडनं वाट मिळंल तिकडनं. "आता बोकड हरवला की अप्पा हुडकत न्हाय. फोन लावतोय."

पोरं खिदळाया लागली. गुरप्पा लांबनं वराडला, "सुळ्ळ! खोटं हाय सायेब, ह्यो बघा मोबाईल!"

"त्यो नवा हाय," दानम्मा ठिपक्यालाच म्हनाली.

दिग्विजय सर पोट धरून बांधावर बसले. "अगं पण चार्जिंग कसं करता?"

दानम्मा गर्रकन वळली. फळ्याकडं पाठ, साहेबांकडं तोंड. "उनात बांधतो की!"

सगळं रान हसलं. पन बाई हसल्या न्हाईत. त्या नुसत्या बघत व्हत्या. पोरगी मानसाच्या डोळ्यात बघून बोलत व्हती, आन हे तिच्या ध्यानातबी न्हवतं.

हसून झाल्यावर सरांनी मिशी पुसली आन म्हनाले, "मॅडम, खरं सांगू? हिला फळा लागतच नाही."

झालं! पन बाई विनकराची लेक.

"सर, आजवर ही फक्त फळ्याच्या लाल ठिपक्याशी बोलायची, माणसाशी कधीच नाही. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात. नाही दिली तर सूत तुटतं. कापड झालं की ती धुऊन जाते. म्हणून खळ नको, असं कुठलाच विणकर म्हणत नाही." त्येंनी पोरांच्या घोळक्याकडं हात केला. "एक धागा झाला सर. अजून केवढं सूत बाकी आहे बघा की."

दिग्विजय सरांनी तितंच बांधावरनं पुन्याला फोन लावला.

"हो, बघितलं... नाही, उचलायचा नाही, इथंच राहू द्या. ... चालू? आत्ता नाही, वाळला की होईल बहुतेक. नाही तर तंत्रज्ञ पाठवा... पाऊस नाही हो, आंबील पिलाय!... आंबील! तुम्ही पुढच्या वर्षी इथं या, फोनवर नाही कळायचं."

बाईंनी गोजाबाईचे दोन्ही हात धरले. गोजाबाई म्हनाली, "मला काय धरताय, त्या साहेबाला वाढा. आपल्या खोपंत त्यो आजून जेवलाच न्हाय!"

साहेबांनी दोन्ही हात जोडले, पोट दाखवलं, गाडी वाट बघतीया म्हनाले. उठायलाच लागले व्हते तर दानम्मानं त्येंच्या बाहीला धरलं.

"बसा की सर. आजून कुत्र्याची गोष्ट ऱ्हायलीया. लई लांब हाय, पत्रावळ घिऊनच बसा."